केक सजावटीची शिकवणी : फी ठरवताना घरची मजुरी धरा

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी. एस्सी. (कृषी))

आज मी खत-बियाण्यांवर बोलणार नाही. आज बोलायचे आहे केकवर. हसू नका मंडळी. गेल्या महिन्याभरात आपल्या गावात किती वाढदिवस झाले, ते जरा आठवून बघा. पूर्वी औक्षण केले, गोडाचा शिरा केला की वाढदिवस साजरा व्हायचा. आता औक्षण होतेच, पण जोडीला केक लागतो. बाळाचा पहिला वाढदिवस असो, आजोबांची पंचाहत्तरी असो की नव्या सरपंचाचा सत्कार असो, केक कापल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. तो केक तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येतो, आणि घरी पोहोचेपर्यंत वरचे नाव खोक्याच्या झाकणाला लागलेले असते.

म्हणून गावोगावच्या काही भगिनी घरीच केक करू लागल्या. त्यांतल्या कित्येकींचा हात चांगला बसला. आता शेजारच्या लेकी-सुना त्यांच्याकडे येऊन म्हणतात, "काकू, आम्हाला पण शिकवा की."

आजचा विषय इथूनच सुरू होतो. शिकवावे का? शिकवावे तर कसे? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, फी किती सांगावी?

आधी माझी चूक सांगतो

आमच्या तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या एक वहिनी आहेत. केक फार सुबक करतात. त्यांच्याकडे सात जणी शिकायला तयार झाल्या. वहिनींनी मला विचारले, "साहेब, फी किती सांगू?" मी हातात कागद-पेन्सिल न घेता उभ्या उभ्या सांगितले, "दोनशे रुपये घ्या. गावच्या बायकांना परवडतील."

वर्ग दोन दिवस चालला. सात जणींचे मिळून १,४०० रुपये आले. क्रीम, मैदा, साखर, बोर्ड, रंग यांना १,१५० रुपये लागले. सामान आणायला तालुक्याला दोन खेपा झाल्या, त्याचे १२० रुपये गेले. हाती राहिले १३० रुपये. पुढे भेटल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "साहेब, ते दोन दिवस मी कांद्याच्या खुरपणीला गेले असते तर सहाशे रुपये आले असते. वर एवढी तेलकट भांडी घासायची वाचली असती."

मंडळी, मी कृषी पदवीधर. पिकाचा उत्पादन खर्च कसा काढावा हे गावोगाव सांगत फिरतो. आणि मीच एका बाईला आतबट्ट्याचा व्यवहार करायला लावला! त्यांनी ते वर्ष शिकवणे बंद केले. सात मुलींचे शिकणेही अर्धवट राहिले. पुढे आम्ही वही घेऊन बसलो आणि सगळा हिशेब नव्याने मांडला. आज जे सांगणार आहे ते त्या वहीतले आहे.

शिकवायला कोणी बसावे

केक करता येतो म्हणजे शिकवता येईलच असे नाही. स्वतःला बैल हाकता येणे वेगळे आणि नवख्या गोऱ्ह्याला जुवाची सवय लावणे वेगळे. दुसऱ्यांसाठी निदान पंचवीस-तीस केक केलेले असावेत. त्यांतले चार-पाच बिघडलेलेही असावेत आणि ते का बिघडले हे सांगता आले पाहिजे. कारण शिकणारीचा केक बिघडणारच. क्रीम फाटले तर ते जास्त घुसळले गेले की गरम झाले? स्पंज मधोमध बसला तर ओव्हन लवकर उघडला की पीठ फार फेटले? याचे उत्तर जिच्याजवळ आहे, तिलाच फी मागण्याचा हक्क आहे.

आपल्या बायकांना ही कला परकी नाही, हेही लक्षात घ्या. मेंदीचा कोन धरणारा हात क्रीमचा कोन लवकर धरतो. चकलीच्या सोऱ्याला पडणारी चांदणीसारखी चकती आणि केकचे चांदणी नोझल ही एकाच जातीची अवजारे. मोदकाच्या कळ्या पाडणारीला गुलाबाच्या पाकळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. पहिल्या दिवशी शिकणारीला एवढे सांगितले तरी तिची निम्मी भीती जाते.

जागेसाठी एक थंड खोली, फ्रीज आणि बीटर-ओव्हनला पुरेशी वीज हवी. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी क्रीमचे काम करू नये. नोझलमधून काढलेले फूल बघता बघता आडवे होते. उन्हाळ्यात वर्ग सकाळी सहा-सातलाच सुरू करावा. वीज गेली तर बर्फाची परात खाली ठेवून हाताच्या बीटरनेही क्रीम फेटता येते. तीही तयारी असावी.

चार दिवसांत काय शिकवावे

फी ठरवण्याआधी आपण काय देणार ते ठरवावे. "सगळं शिकवते" असे कधीही म्हणू नये. सगळे शिकवायला वर्ष लागते. तीन तासांचे चार दिवस धरून पुढीलप्रमाणे आखणी करावी.

पहिला दिवस : कोन भरणे आणि हाताचा दाब. कोन अर्धाच भरावा. गच्च भरला तर वरून क्रीम निसटते आणि हाताच्या उबेने पातळ होते. सरावाला महागडे क्रीम वापरू नये. डालडा आणि पिठीसाखर एकत्र फेटून ताटावर फुले पाडावीत. तेच मिश्रण खरवडून पुन्हा कोनात भरता येते. उकडलेल्या बटाट्याच्या मऊ लगद्यानेही हात बसतो. तीन शब्द पाठ करून घ्यावेत : दाब, थांब, उचल. नवी मुलगी दाबता दाबताच उचलते, म्हणून तिच्या फुलाला शेपूट येते.

दुसरा दिवस : क्रीम फेटणे आणि लेप देणे. बाजारात मिळणारे बहुतेक व्हिपिंग क्रीम वनस्पती तेलाचे असते व गोठवलेले येते. ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. बाहेर उन्हात वितळवू नये. भांडे गार असावे. टोक उभे राहू लागले की थांबावे. लेप देण्याचा सराव थर्माकोलच्या गोल ठोकळ्यावर द्यावा. टर्नटेबल फिरते राहावे आणि पट्टी स्थिर राहावी, ही खूण.

तिसरा दिवस : खरा स्पंज. त्याचे आडवे काप, साखरेचे पाणी, मधले क्रीम, भुरा दाबणारा पातळ लेप, मग फ्रीज, मग वरचा लेप. बाजूची नक्षी, गुलाब, पाने.

चौथा दिवस : शिकणारीने स्वतः अर्ध्या किलोचा केक सजवायचा. आपण हात लावायचा नाही. त्यावर मराठीत नाव लिहायचे. हे सोपे वाटते, पण अर्ध्या किलोच्या केकवर "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" कधीच मावत नाही. आधी ताटावर लिहून बघावे, जोडाक्षरे मोठी काढावीत, आणि जागा नसेल तर नुसते नाव लिहावे. मुलीने केलेला केक तिला घरी न्यायला द्यावा. तो केक घरच्यांनी पाहिला की फी वाया गेली असे कोणी म्हणत नाही.

स्वच्छता पहिल्या दिवसापासून शिकवावी. नखे कापलेली, केस बांधलेले, हातात बांगड्या कमी. रंग खाण्याचाच असावा आणि पुडीवर अन्न परवान्याचा क्रमांक बघून घ्यावा.

आता वही उघडा

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या बाजारचे भाव घालून ज्याने त्याने आपले गणित मांडावे. रीत मात्र हीच ठेवावी.

हिशेब क्रमांक १ : एकाच मुलीला शिकवणे, चार दिवस

(अ) रोख खर्च
मैदा, साखर, तेल, दूध वगैरे, दोन स्पंजांसाठी : १६० रुपये
क्रीम, एक किलो : २२० रुपये
सरावाचा डालडा व पिठीसाखर, वाटणीला : ४० रुपये
रंग, इसेन्स, कोन, बोर्ड, खोका : १२० रुपये
गॅस व वीज : ६० रुपये
बाजाराला जाणे-येणे : १०० रुपये
एकूण : ७०० रुपये

(आ) अवजारांची झीज
बीटर, ओव्हन, टर्नटेबल, नोझल, भांडी मिळून ९,००० रुपये धरू. तीन वर्षे टिकली तर महिन्याला २५० रुपये झीज. महिन्यात दोन मुली शिकल्या तर एकीच्या वाट्याला १२५ रुपये.

(इ) घरची मजुरी
इथेच सगळ्यांची चूक होते. वर्ग तीन तासांचा, म्हणून आपण तीनच तास मोजतो. पण आधी एक तास तयारी, नंतर एक तास आवराआवर आणि भांडी. म्हणजे दिवसाला पाच तास. चार दिवसांचे वीस तास. बाजारहाटाचे दोन. एकूण २२ तास.

आता तासाला किती धरावे? बाईमाणसाची शेतमजुरी दिवसाला ३०० रुपये आणि काम सहा तासांचे धरले, तर तासाला ५० रुपये होतात. पण शिकवणे ही साधी मजुरी नाही. घर बांधताना बिगाऱ्याला आणि गवंड्याला आपण एकच रोज देतो का? गवंड्याच्या हातात वर्षांची कसब असते, तिचे आपण वेगळे देतो. तसेच हे. म्हणून तासाला १०० रुपये धरू. २२ तासांचे २,२०० रुपये.

अ, आ आणि इ मिळून ३,०२५ रुपये.

(ई) नासधूस
क्रीम फाटते, स्पंज मोडतो, वीज जाते. त्यासाठी दहा टक्के, म्हणजे सुमारे ३०० रुपये.

सगळे मिळून ३,३२५. सरळ ३,३०० रुपये फी सांगावी.

ऐकून दचकलात ना? वहिनीही दचकल्या. म्हणाल्या, "साहेब, एवढे कोण देणार? मी आपली दीड हजार सांगते." म्हटले, सांगा, पण आधी पुढची ओळ लिहा. १,५०० मधून रोख खर्च आणि झीज, म्हणजे ८२५ रुपये वजा केले. राहिले ६७५. त्याला २२ तासांनी भागले. तासाला साधारण ३१ रुपये. म्हणजे खुरपणीपेक्षाही कमी! वहिनी वहीकडे बघतच राहिल्या.

चार जणींची तुकडी करा

मग दीड हजारांत शिकवताच येणार नाही का? येते. तुकडी करावी लागते.

हिशेब क्रमांक २ : चार जणींची तुकडी, चार दिवस

सामान, दर मुलीमागे ६०० प्रमाणे : २,४०० रुपये
बाजाराला जाणे-येणे, एकदाच : १०० रुपये
अवजारांची महिन्याची झीज : २५० रुपये
घरची मजुरी, दिवसाला सहा तास व बाजारहाटाचे तीन, एकूण २७ तास : २,७०० रुपये
एकूण : ५,४५० रुपये
नासधूस दहा टक्के धरून : सुमारे ६,००० रुपये

चार जणींत वाटले की प्रत्येकीला १,५०० रुपये.

बघा मंडळी, एकटीला शिकवताना जी फी खुरपणीला हरली, तीच फी चौघींच्या तुकडीत बरोबर बसली. कारण मुली चार झाल्या तरी बाजाराची खेप एकच आणि शिकवण्याचे तास थोडेच वाढले.

तीनच जणी आल्या तर? ४,५०० मधून २,१५० वजा जाऊन २,३५० राहतात, म्हणजे तासाला सुमारे ८७ रुपये. चालेल. दोघीच आल्या तर तासाला ५४ रुपयांवर येते, म्हणजे शेतमजुरीच्या काठावर. म्हणून तुकडीच्या दराने तिघींच्या खाली वर्ग सुरू करू नये. उलट चारच्या वर पाचवी-सहावी मुलगीही घेऊ नये. टर्नटेबल एक आणि शिकवणारीचे डोळे दोन. सात जणींच्या माझ्या त्या वर्गात तीन मुली नुसत्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

ज्या मुलीला एकटीनेच शिकायचे आहे, तिला स्वतंत्र दर सांगावा आणि कारणही सांगावे : वेळ तुझ्या सोयीची, चूक झाली की लगेच दुरुस्ती, सगळा हात तुझ्यावर. लग्न ठरलेली, नोकरीवर जाणारी, लहान बाळाची आई अशांना ते सोयीचे पडते. घाई करून तुकडीचा दर एकटीला लावू नये.

हौशी मुलगी आणि धंद्याला बसणारी मुलगी

येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारावे, "बाई, तुला हे कशासाठी शिकायचंय?" जिला घरच्या लेकरांसाठी केक करायचा आहे तिला चार दिवस पुरतात. जिला केक विकायचा आहे तिला आणखी बरेच लागते : किमतीचा हिशेब, खोक्यात नीट बसवणे, वाहतूक, फ्रीजमधली साठवण, ऑर्डरची वही. तिला हेही सांगावे की केक विकायचा झाला तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करावी लागते, धंदा घरगुती आणि लहान असला तरी. अशा मुलीसाठी पुढचे चार दिवस वेगळे ठेवावेत आणि त्यांची फी वेगळी घ्यावी.

मात्र "महिन्याला अमुक हजार मिळतील" असे आश्वासन कोणालाही देऊ नये. आम्ही बियाणे देतो तेव्हा पाऊस आमच्या हातात नसतो. तसेच इथेही आहे.

काहीजणी विचारतील, "सरकारी प्रशिक्षण फुकट मिळतं, मग तुम्हाला पैसे कशाला?" प्रश्न योग्य आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून गावच्या तरुण-तरुणींना मोफत प्रशिक्षण दिले जाते. काही कृषी विज्ञान केंद्रांतही बेकरी पदार्थांचे वर्ग होतात. ज्यांना तिथे जाणे जमते त्यांनी जरूर जावे. आपणही तिकडचा पत्ता स्वतःहून सांगावा. पण तिथे मोठ्या वर्गात शिकून आलेल्या मुलीला पुढे हात बसवायला जवळची शिकवणी लागतेच. आपली जागा तिथे आहे.

जावेकडून फी कशी मागायची

आता खरी अडचण. गावात परके कोणीच नसते. एक मुलगी भावकीतली, एक मैत्रिणीची लेक, एक तर सख्खी जाऊ. वहिनींनी नवीन फी सांगितली तेव्हा जाऊबाई रुसल्या. "घरातल्या घरात पैसे घेतेस?" म्हणून महिनाभर बोलल्या नाहीत. फी ठरवण्याच्या कामात सगळ्यांत जास्त डोळ्यांत पाणी याच गोष्टीने येते, आणि याच भीतीने बाया फुकट शिकवतात.

यावर आपल्या गावगाड्यातच उपाय आहे. तो म्हणजे सावड. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसा मधे येत नाही, पण दिवसाला दिवस फिटतो. वहिनींनी जावेला निरोप धाडला, "सामान तुझं तू आण. शिकवीन मी. चार दिवस मी तुला शिकवते, कांदा लागवडीला तू मला चार दिवस दे." जाऊबाई आल्या. केकही शिकल्या आणि लागवडीला चार दिवस वाकूनही काम केले. नाते टिकले आणि हिशेबही टिकला.

कोणी दूध, अंडी, धान्य देऊन फी भागवत असेल तरी हरकत नाही. पण वहीत त्याचे रुपये करून लिहावेत. सवलत द्यायची तर तीही लिहावी : "पूर्ण फी १,५००, सूट ३००." नाहीतर सुटीची फी हीच खरी फी म्हणून गावभर होते.

शिकवले तर गिऱ्हाईक जाईल का

थोडे जाईल. खोटे कशाला सांगू? पाचशे उंबऱ्यांच्या गावात केक करणाऱ्या दोघींच्या चौघी झाल्या, तर ऑर्डरी वाटल्या जाणार. म्हणून धंद्यासाठी शिकू पाहणारी मुलगी शेजारच्या गावची असेल तर तिला आधी घ्यावी. आपल्याच गावची असेल तर तिला वर्ग संपल्यावर मदतीला बोलवावे. लग्नसराईत, नाताळात, शाळेच्या स्नेहसंमेलनाला एकटीच्या हाताने काम उरकत नाही. त्या वेळी शिकलेला हात शेजारी असणे हे बळ आहे. द्राक्ष छाटणीच्या टोळ्या बघा. एकाने दुसऱ्याला शिकवले म्हणूनच टोळी झाली, आणि टोळी झाली म्हणूनच मोठ्या बागा हाती घेता आल्या.

आधीच बोलून ठेवायच्या पाच गोष्टी

वर्गाच्या आधी एका कागदावर लिहून दोघींनी वाचून घ्यावे. साधा वहीचा कागद पुरे.

१. फी किती आणि त्यात काय काय आले. नोझलचा संच फीमध्ये आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे.
२. निम्मी फी आधी घ्यावी, निम्मी तिसऱ्या दिवशी. आगाऊ रकमेतूनच सामान आणावे, म्हणजे घरचा पैसा अडकत नाही.
३. येणे जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवावे. मग दिवस बदलून मिळेल. न कळवता दिवस चुकला तर त्या दिवसाच्या सामानाचे पैसे परत नाहीत, कारण फेटलेले क्रीम थांबत नाही.
४. आपल्याच घरची अडचण आली, वीज गेली, कोणी आजारी पडले, तर दिवस भरून द्यावा. नियम दोन्हीकडून असावा.
५. शिकणारीने काय आणावे : एप्रन, दोन स्वच्छ फडकी, वही-पेन, डबा.

जाहिरातीला खर्च नको. बचत गटाच्या बैठकीत, हळदी-कुंकवाला आपला एक केक ठेवावा. विकलेल्या केकच्या खोक्यावर "केक सजावट शिकवली जाते" एवढी चिठ्ठी चिकटवावी. गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकावा आणि खाली फी लिहूनच टाकावी. फी लपवली की येणारी माणसे घासाघीस करायलाच येतात.

शेवटचे दोन शब्द बंधूंसाठी

आता घरातल्या पुरुष मंडळींशी थोडे बोलतो. पिकांचा उत्पादन खर्च काढणारा कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. १९८५ पासून त्याला कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणतात. हा आयोग खर्च काढताना नुसते खत-बियाण्याचे रोख पैसे धरत नाही. घरच्या माणसांनी रानात केलेल्या कामाची मजुरीही हिशेबात मोजतो. आणि आपणही भावाची मागणी करताना हेच म्हणतो ना, की आमच्या बायका-पोरांनी घाम गाळला, त्याचे मोल धरा?

मग तेच मोल घरात का धरू नये? बायको चार दिवस केक शिकवते तेव्हा "घरीच तर बसलीये" असे आपण म्हणतो. ती २७ तास उभी असते, मंडळी. त्या चार दिवसांत धार काढणे, पाणी भरणे यांतले एखादे काम आपण उचलले तर तो उपकार होत नाही, तीही सावडच आहे.

त्या वहिनींनी पुढे १,५०० रुपये फीची तुकडी सुरू केली. पहिल्या वेळी चौथी मुलगी फी ऐकून आलीच नाही. तिघींवर वर्ग चालला. शेवटच्या दिवशी तिघींनी तीन केक डोक्याएवढ्या उंचीवर धरून घरी नेले. वहिनींनी वही माझ्यापुढे ठेवली. मजुरीच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा होता. म्हणाल्या, "साहेब, आता खुरपणीला जावं लागलं तरी दुःख नाही. माझ्या हाताचा भाव मला कळला."

कसबेचा भाव आधी आपण स्वतः ठरवावा लागतो. तो वहीत मांडला की तोंडाने सांगायला जड जात नाही.

लक्षात ठेवा

वर्गाचे तास मोजू नका, कामाचे तास मोजा.
फीमध्ये चार गोष्टी धरा : सामान, झीज, घरची मजुरी, नासधूस.
तिघींच्या खाली तुकडी नको, चौघींच्या वर गर्दी नको.
नातलगांना सूट द्या, पण वहीत लिहा. पैसे नको वाटले तर सावड करा.
आधी ठरवा, मग शिकवा.